अडकलेली तार, अर्धा कप

जळकोटला हायवेच्या कडेला धुळाप्पा मिस्त्रीचं वेल्डिंगचं दुकान आहे. दुकानाला पाटी नाही. लोकांच्या पाट्या करता करता स्वतःची करायला सवड झाली नाही असं तो सांगतो. तीस वर्षांत सवड न होणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यानं समजावं. पण पत्ता विचारायची वेळ कुणावर येत नाही. भज्यांच्या हॉटेलाला खेटून जिथं ठिणग्या उडतात ते दुकान. दुकानामागं घर, घरापुढं म्हैस, घरात हरणाबाई. एकुलती एक लेक ज्ञानेश्वरी, ती पुण्याला. संपलं कुटुंब.

धुळाप्पाचं घराणं मेंढरामागचं. भूकंप झाला त्या साली तो पंचविशीतला, नुकतं लग्न झालेला. पुढं पडलेल्या सास्तूरचं नवं गाव उभं राहायला लागलं तेव्हा घरागणिक दारं-खिडक्या लागायच्या आणि कंत्राटदाराला माणसं पुरायची नाहीत. धुळाप्पा मेंढरं घेऊन त्या बाजूनं चालला होता. वेल्डिंगचा निळा उजेड दिसला म्हणून उभा राहिला आणि उघड्या डोळ्यांनी दुपारभर बघत राहिला, शहाणा! घरी येईतो डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं. हरणाबाईनं डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या बांधल्या आणि शिव्या दिल्या, दोन्ही सारख्याच मायेनं. तिसऱ्या दिवशी गडी परत तिथंच, ह्या वेळी काळी काच मागायला. मेंढरं धाकट्या भावाकडं गेली आणि धुळाप्पाच्या हातात रॉड आला.

रॉडचं काम म्हणजे सगळा हाताचा खेळ. रॉड जळत आखूड होत जातो. तो जसा जळेल तसा हात खाली सरकला पाहिजे. लवकर सरकला तर रॉड चिकटतो, उशीर केला तर ठिणगी तुटते. धुळाप्पाचा हात ह्यात असा बसला होता की पंचक्रोशीत कुणी "मिस्त्रीच्या हातचं हाय" म्हटलं की पुढं कुणी जोड उकरून बघत नसे.

गेल्या संक्रांतीपासून तोच हात थरथरायला लागला.

त्यानं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. गिऱ्हाईक आलं की तो हातात हातोडी धरून बोलायचा. हातोडी धरली म्हणून हात हलायचा थांबत नाही, पण हललेला दिसत नाही. हरणाबाईला तर मुळीच कळू द्यायचं नव्हतं. तिला कळलं की ती घाबरणार, ती घाबरली की आपण घाबरणार, आणि घाबरलेल्या मिस्त्रीनं आगीशी खेळू नये, असा त्याचा हिशेब होता.

त्यातच घरात एक चमत्कारिक प्रकार सुरू झाला. हरणाबाई त्याला चहा अर्धाच कप द्यायला लागली. विचारलं तर म्हणाली, "म्हैस आटलीय." म्हैस तर त्याच्या डोळ्यांदेखत दोन्ही वेळेला चरवी भरून दूध देत होती. पण चहावरून बायकोशी वाद घालू नये एवढं शहाणपण धुळाप्पाला संसारात आलेलं होतं. तो अर्धा कप प्यायचा, म्हशीकडं बघायचा आणि गोंधळून जायचा.

नागपंचमीला ज्ञानेश्वरी घरी आली. आयटीआयला वेल्डिंग घेतलेली ती तिच्या वर्गातली एकटी पोरगी. आता पुण्याच्या कारखान्यात दुसऱ्यांनी केलेले जोड तपासते. तिच्या नजरेतून काय सुटणार? तिच्यासमोरच धुळाप्पाचा रॉड चिकटला, त्यानं हिसडा दिला आणि वितळलेल्या लोखंडाचा थेंब चप्पल जाळून पायात शिरला. तिनं त्याच्या पायाला मलम लावलं आणि दुसऱ्या दिवशी बापाला सोलापूरला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाला, वयाचा कंप आहे, जिवाला धोका नाही, पण थांबेलच असं नाही.

परतीच्या एसटीत धुळाप्पा एवढंच म्हणाला, "आईला सांगू नगं."

"न्हाय सांगत. पण अप्पा, रॉड आता सोडायचा. मी दुसरी मशीन पाठवते. मिग म्हणतेत. त्यात तार आपली आपण येती, तुमी हातानं नुसतं पुढं न्यायचं. दिवाळीला मी येते. जमत असंल तर दुकान चालवा. न्हाय जमलं तर शटर खाली, आन दोघंबी माझ्याकडं पुण्याला."

धुळाप्पा "बरं" म्हणाला. पुण्याच्या त्या चौथ्या मजल्यावर तो एकदा चार दिवस राहिला होता आणि चारही दिवस कुणाची तरी वाट बघत बसल्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसून होता. शटर खाली म्हणजे काय, ते त्याला नीट ठाऊक होतं.

मशीन भाद्रपदात आली आणि तिच्यापाठोपाठ दोन दिवसांची रजा काढून लेक आली. सोबत गॅसची उंच टाकी. टाकी बघून हरणाबाईनं पदर तोंडाला लावला.

"आगीच्या दुकानात गॅस? डोकं फिरलंय का तुमचं बापलेकीचं?"

"आई, ह्यो गॅस पेटत न्हाय," ज्ञानेश्वरी म्हणाली. "ह्यो जोडाला वारं लागू देत न्हाय, एवढंच ह्येचं काम. पण टाकी आडवी पडून मुंडी मोडली तर तोफेगत सुटंल. म्हणून भिंतीला बांधायची."

हरणाबाई आत गेली आणि म्हशीची जादा साखळी घेऊन आली. टाकी भिंतीला जखडली गेली, अगदी गोठ्यात बांधावी तशी.

मग शिकवणी सुरू झाली. तीस वर्षं मुरलेला मिस्त्री स्टुलावर बसलेला आणि समोर लेक. मशीनचं कुशीचं झाकण उघडायच्या आधी बटण बंद करून पिन उपसून ठेवायची. आत तारेचं रीळ. रिळावरच्या तारेचा जो आकडा, तोच तार पुढं ढकलणाऱ्या खालच्या चाकाच्या खाचेचा असला पाहिजे आणि तोच हातात धरायच्या बंदुकीच्या तोंडाशी असलेल्या तांब्याच्या टोकाचा. रिळाचं टोक सोडवलं की ते हातातून सुटू द्यायचं नाही. हे ती सांगेपर्यंत धुळाप्पानं टोक सोडलंच, आणि सगळी तार फणफणत उलगडून त्याच्या कानाला ओरखडा काढून गेली.

"म्हणून म्हणत होते चष्मा लावा," लेक म्हणाली.

तिनं टोक पक्कडीनं सरळ कापलं, कानशीनं घासून गुळगुळीत केलं, वीतभर तार हातानं सरळ केली आणि सुईच्या नेढ्याएवढ्या भोकातून दुसऱ्या खेपेला ओवून चाकाच्या खाचेवरून बंदुकीपर्यंत जाणाऱ्या नळीत सरकवली. वरचं चाक दाबून बसवलं. बंदुकीच्या तोंडाचं टोक आधी काढून ठेवलं, नळी जमिनीवर सरळ पसरली, मग पिन लावून बटण दाबलं. तार सरसर करत दुसऱ्या टोकानं बाहेर आली.

"ती येताना तोंडात डोकावून बघायचं न्हाय, अप्पा. आन कुणाच्या अंगाकडं तोंड धरायचं न्हाय. डोळ्यात गेली तर डोळा गेला."

शेवटी तिनं लाकडाच्या फळीवर तार टेकवून दाखवली. तार वाकून पुढं सरकत राहिली तर दाब बरोबर, तार थांबून चाक जागच्या जागी घसरलं तर दाब कमी. एवढं सगळं तिनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला टांगलं.

मग धुळाप्पानं काळ्या काचेचं टोपडं तोंडावर चढवलं, मनगट अँगलवर टेकवलं आणि बटण दाबलं. हात हलत होता. पण तार आपली आपण येत होती, हाताचं ऐकत नव्हती. सरळ, एकसारखा टाका पडत गेला. धुळाप्पानं टोपडं काढायला उशीर लावला, कारण आत डोळे भरून आले होते. काय आनंद झाला असेल त्या माणसाला! गेलेला हात कुणी परत आणून दिला तर काय होईल, तेच झालं.

लेक गेली. पुढं नवरात्रापर्यंत मशीन सुतासारखी सरळ चालली. नवरात्रात हंगरग्याच्या रस्त्यावरचा शरणबसप्पा आला. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राची बियाण्याची पेटी घेऊन. पेटीचा पातळ पत्रा शिवणीत फाटलेला, ज्वारी गळत होती.

"मिस्त्री, वापसा आलाय, रान पेरायजोगं झालंय. दसरा झाला की पेरायचं. रॉडनं केलात तर पत्र्याला भोकं पडत्याल म्हणून सांगतो."

"रॉड सोडला म्या," धुळाप्पा ऐटीत म्हणाला. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी घिऊन जा."

खंडेनवमी आली. दुकानाची पूजा दरवर्षी हरणाबाईच करते. धुळाप्पा आंघोळ करून येईतो तिनं हातोडे, पकडी, कानशी, शिकंजा सगळं धुऊन-पुसून, तेलाचा हात फिरवून पाटावर मांडलेलं असतं. नव्या मशीनला पाट पुरेना, म्हणून तिची पूजा जागेवरच झाली. हळद-कुंकू, झेंडूची माळ, नारळ. हरणाबाई बराच वेळ मशीनपाशी बसली होती. धुळाप्पाला वाटलं, नव्या नवरीचं कौतुक.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं पेटी समोर घेतली, बटण दाबलं आणि मशीननं घात केला.

तार येईना. मग एकदम आली. मग थांबली. फट्, फट्, फट्! टाका म्हणून जे पडलं ते बघून त्याला शरम वाटली. जागोजागी भोकं, मध्येच गोळे. जाळीदार आंबोळी तव्यावर शोभते, बियाण्याच्या पेटीवर नाही.

त्यानं टोपडं काढलं आणि हाताकडं बघितलं. हात थरथरत होता. कालच्यापेक्षा जास्त का? की तेवढाच? काल किती थरथरत होता ते आता कसं कळणार?

इथून धुळाप्पाचा जो घोळ सुरू झाला, तो चार दिवस चालला. मशीन बिघडली की आपण बिघडलो? त्याला काही केल्या समजेना. मशीन बिघडली असेल तर लेकीला फोन करायला हवा. पण फोन केला आणि मशीन चांगली निघाली तर? मग बिघडलेला दुसरा कोण, ते उघडच होतं. आणि मग दिवाळीपर्यंतसुद्धा थांबायचं कारण उरत नव्हतं. शटर खाली. म्हणून त्यानं फोन केला नाही. लेकीचा आला तर "झ्याक चाललंय" म्हणाला, आणि खोटं बोलल्यामुळं हात आणखीच हलला.

कॅलेंडरचा कागद त्यानं दहा वेळा वाचला. फळीवर तार टेकवून बघितली, तर चाक जागच्या जागी घसरत होतं. म्हणजे दाब कमी. त्यानं दाबाची मळसूत्री आवळली. थोडा वेळ बरं चाललं, परत घसरलं. आणखी आवळली. मग कुशीतून कुरकुर ऐकू आली. पिन उपसून झाकण उघडून बघतो तर तार नळीत जायच्या ऐवजी चाकामागंच गोळा होऊन बसलेली, विंचरून टाकलेल्या केसांच्या गुंतवळासारखी. गुंता कापून काढला. दाब सैल केला. तांब्याचं टोक बदललं. गॅस वाढवला, कमी केला. पेटीला लावायची अर्थिंगची चिमटी घासून परत लावली. प्रत्येक वेळी टोपडं चढवायचा आणि देवाचं नाव घ्यायचा, आणि प्रत्येक वेळी फट्, फट्.

टाके घालताना नाकात सारखा भज्यांचा वास यायचा. शेजारी हॉटेल म्हटल्यावर तो येणारच. पण पोटात चिंता असताना तळणीचा वास सहन होत नाही. त्यानं हॉटेलवाल्याला मनातल्या मनात दोन-चार ठेवून दिल्या.

शरणबसप्पा रोज चक्कर मारायचा. पहिल्या दिवशी म्हणाला, "घाई न्हाय." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "वापसा उडून चाललाय, मिस्त्री." तिसऱ्या दिवशी मशीनभोवती एक फेरी मारून त्यानं निदान केलं.

"हिला नजर लागलीय. लई देखणी मशीन हाय. लिंबू-मिरची बांधा."

धुळाप्पानं लिंबू-मिरची बांधली. नजरेवर त्याचा विश्वास नव्हता, पण स्वतःच्या हातावर तरी कुठं उरला होता? मशीननं लिंबाला जुमानलं नाही.

त्या संध्याकाळी हरणाबाईनं चहा आणून दिला, अर्धा कपच. धुळाप्पाचं डोकं आधीच भणभणत होतं.

"म्हैस आजबी आटलेलीच हाय का?"

"व्हय," हरणाबाई म्हणाली आणि भरलेली चरवी उचलून आत गेली.

चौथ्या दिवशी पौर्णिमा. शेजारचा हॉटेलवाला दरवर्षी पौर्णिमेला तुळजापूरला चालत जातो, त्यामुळं हॉटेलला कुलूप. चूल थंड, कढई पालथी. धुळाप्पानं शेवटचा म्हणून एक टाका घालायला घेतला. हा नीट पडला नाही तर शरणबसप्पाची पेटी परत करायची आणि लेकीला फोन लावायचा, असं त्यानं ठरवलं होतं. बटण दाबलं. फट्, फट्. धूर नाकात गेला.

भज्यांचा वास.

धुळाप्पा थांबला. टोपडं वर केलं. हॉटेलकडं बघितलं. कुलूप. रस्त्यावर दूरपर्यंत कुणी काही तळत नव्हतं. मग त्यानं तोडलेल्या तारेचा तुकडा नाकाशी धरला. करडईचं तेल! त्याच्या घरात धपाट्याला लावतात ते.

पिन उपसून त्यानं झाकण उघडलं. चाकावरून बोट फिरवलं. बोट चकचकीत झालं. इतके दिवस ती चकाकी त्याला तांब्याची वाटत होती, कारण तारेवर तांब्याचा मुलामा असतो असं लेक म्हणाली होती. रिळावरून हात फिरवला. तिथंही तेल. खाचेत तर साचून राहिलेलं. चाकं तारेला पकडणार कशी? तेलातून ती पुढं ओढणार काय, कपाळ? आणि तेच तेल टोकाशी जळून टाक्यात भोकं पाडत होतं. कॅलेंडरच्या कागदावर लेकीनं सगळं लिहिलं होतं, पण मशीनला तेल लावू नका एवढं लिहिलं नव्हतं. असं लिहावं लागतं हे पुण्यात कुणाच्या ध्यानात येणार?

म्हणजे मशीन बिघडली नव्हती. धुळाप्पाही बिघडला नव्हता. चार दिवसांचं ओझं उतरलं आणि त्या जागी संताप चढला. फडक्याला बोट पुसत तो तरातरा घरात गेला.

हरणाबाई उंबऱ्याशी उजेडाला बसून वाकळ शिवत होती. चष्मा नाकावर, सुईत दोरा ओवत होती.

"मशिनीला तेल तू घातलीस?"

"व्हय. खंडेनवमीला."

"कशाला? तुला कुनी सांगितलं व्हतं? चार दिवस येड्यागत झालोय म्या! चाकं घसरायलीत, तार अडकायलीय, मला वाटलं माझाच..." पुढचा शब्द त्याला सांगायचा नव्हता.

हरणाबाईनं सुई खाली ठेवली.

"तुमचाच हात म्हणून," ती म्हणाली.

धुळाप्पानं हात फडक्यात गुंडाळला.

"संक्रांतीपासून बघायलेय म्या. तिळगूळ देताना सांडला तुमच्या हातनं. मागनं बशीवर कप वाजायला लागला. चार माणसांत चहा सांडंल, तुमाला लाज वाटंल, म्हणून अर्धा कप द्यायला लागले. म्हशीवर उगंच आळ घेतला." तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. "ज्ञानूनं मशीन पाठवली तवाच म्या वळखलं, ही हातासाठी हाय. म्हणलं, हिनं तरी माझ्या मालकाला तरास देऊ नये. आतली चाकं बघितली तर ठणठणीत कोरडी. गाडीचं चाक कोरडं ठिवलं तर कुरकुरतंय, म्हणून समद्या चाकांस्नी तेल घातलं. तारंवरनंबी हात फिरवला, गंजू नये म्हणून."

धुळाप्पाचा संताप कुठल्या कुठं गेला. दहा महिने तो हिच्यापासून लपवत होता आणि दहा महिने ही त्याच्यासाठी लपवत होती. त्याला रडू आलं ते त्यानं खोकल्यात घातलं.

"मला सांगितली का न्हाईस?"

"तुमी सांगितलात का?"



थोड्या वेळानं दोघं दुकानात आली. धुळाप्पानं पिन उपसली आहे ना ते दोनदा बघितलं. तेलकट तार नळीतून ओढून काढून टाकली. नळी सोडवून शेजारच्या पंक्चरच्या दुकानात नेली आणि हवा मारून आणली. थिनरच्या फडक्यानं चाकं इतकी पुसली की बोट करकरलं. रिळावरची तार कागदाला डाग पडायचा थांबेपर्यंत उलगडून तोडली. हे सगळं हातोडी-फडक्याचं काम, ते त्याला जमलं.

मग ओवायची वेळ आली.

मागच्या वेळी तार लेकीनं ओवली होती. ते नेढ्याएवढं भोक, आणि हा हात. पहिल्यांदा तार भोकाच्या डावीकडं गेली. दुसऱ्यांदा उजवीकडं. तिसऱ्यांदा भोकाच्या काठावर टेकली आणि थरथरून निसटली. हरणाबाई शेजारी उभी राहून बघत होती. तिच्यासमोर हात असा उघडा हलू द्यायची धुळाप्पाची ही पहिली वेळ. चौथ्यांदा तार वाकडी झाली.

त्यानं तिच्याकडं वळून बघितलं.

"तू बघ गं जरा."

हरणाबाईनं चष्मा नाकावर सरळ केला, पदर कमरेला खोचला. धुळाप्पानं त्याचे हातमोजे दिले, ते तिला कोपरापर्यंत आले. मोज्यांत नेढं सापडत नाही म्हणाली आणि उजव्या हाताचा काढला. धुळाप्पानं रीळ गच्च धरलं, उसळू नये म्हणून. तिनं वाकडं टोक पक्कडीनं तोडलं, कानशीवर घासलं, बोटांत सरळ केलं. टोक ओठांकडं नेलं.

"थुंकी लावू नगं!" धुळाप्पा ओरडला.

"दोऱ्याला लावतेत, तारंला न्हाय, तेवढं कळतंय मला," ती म्हणाली, आणि तार पहिल्या झटक्याला भोकातून पार गेली. चाकाच्या खाचेवरून, पुढच्या नळीत.

"एवढंच व्हय? म्या म्हणलं काय लई अवघड हाय!"

धुळाप्पानं वरचं चाक बसवलं, दाब बेताचा ठेवला, नळी सरळ पसरली, बंदुकीचं तोंड भिंतीकडं केलं. हरणाबाईला मागं सरकवून पिन लावली, बटण दाबलं. तार सरसर आली. तोंडाचं टोक बसवलं, फळीवर तार टेकवून बघितली. वाकून पुढं सरकत राहिली. मग हरणाबाईला पाठ फिरवून उभं राहायला सांगून त्यानं टोपडं चढवलं आणि मनगट टेकवलं.

फसलेले टाके आधीच घासून काढले होते; शरणबसप्पाच्या पेटीची शिवण एका दमात भरली. हात हलत होता, अगदी तेवढाच हलत होता. टाक्यात कुठं भोक नाही, कुठं गोळा नाही. धूर झाला, पण त्याला लोखंडाचाच वास होता. पेटीत पाणी भरून बघितलं, थेंब गळला नाही.

त्यानं स्वतःहून लेकीला फोन लावला आणि तेलापासून सगळं सांगितलं. आधी ती हसत सुटली. मग हसणं थांबवून तिनं विचारलं.

"म्हंजे आईला आधीपासनं ठाऊक व्हतं?"

"आपल्या दोघांच्या आधी."

"आन तार आईनं ओवली?"

"एका झटक्यात. तुला दोनदा ओवावी लागली व्हती."

"मग दिवाळीला आल्यावर शटरला रंग देऊ, अप्पा," लेक म्हणाली. "लई गंजलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी शरणबसप्पा पेटी न्यायला आला. शिवण बघून म्हणाला, "लिंबू-मिरचीनं काम केलं म्हणा की." धुळाप्पानं नाही म्हटलं नाही. माणसाला एवढं श्रेय द्यायला काय जातं?

तेवढ्यात हरणाबाई दोघांसाठी चहा घेऊन आली. शरणबसप्पाचा कप भरलेला होता आणि धुळाप्पाचाही, अगदी काठोकाठ. धुळाप्पानं हातातली हातोडी खाली ठेवली आणि कपबशी उजव्या हातात घेतली. कप बशीवर वाजायला लागला. चहा हिंदकळून बशीत सांडला. शरणबसप्पानं वाजणाऱ्या कपाकडं बघितलं, मग धुळाप्पाच्या तोंडाकडं.

धुळाप्पानं दुसरा हात बशीखाली लावला आणि सांडलेला चहा आधी फुर्र करून पिऊन टाकला.

"म्हशीला दूध आलं वाटतं," तो हरणाबाईला म्हणाला.